तुतीच्या रंगाची ओळ

“थांबा जरा. आत्ता येईल,” राजपुरेकाका म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

आम्ही दोघं पाचगणीच्या बाजारातल्या त्यांच्या गेम पार्लरमध्ये दांड्यांनी गोळी उडवत ठेवायच्या पिनबॉलच्या मशिनसमोर उभे होतो. दुपारची वेळ होती. सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायला दोन-अडीच महिने होते आणि पार्लरमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मशिनच्या उभ्या पेटीत दीड वीत लांब, चार बोटं उंच असा एक काळा पडदा होता. त्यावर नारिंगी ठिपक्यांचा पाणबुड्या उडी मारत होता. मग ऑक्टोपस आला, खजिन्याची पेटी उघडली, मिटली. काका वाटच पाहत होते. कोणी बाईमाणूस यायचं असेल असं वाटून मी दाराकडे पाहिलं.

“आली बघा.”

पडद्यावर पाच ओळी उमटल्या होत्या. त्या मशिनवर सगळ्यांत जास्त गुण मिळवलेले पाच जण. इंग्रजी तीन अक्षरं आणि पुढे आकडा. सगळ्यांत वर के, डी, आर आणि एकेचाळीस कोटींच्या वरचा काहीतरी लांबलचक आकडा. दुसरा नंबर अठरा कोटींवर होता. ओळी चार सेकंद राहिल्या आणि गेल्या. काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

“आमची कांचन,” ते म्हणाले. “एवढं एक चित्र मन लावून करा, ताई. बाकीचं तुमच्या मनानं काय करायचं ते करा.”

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांची चित्रं रंगवत असे, आणि उरलेल्या वेळात हा रिकामटेकडा उद्योग. जुन्या पिनबॉल मशिनचा पडदा एकरंगी असतो. आडवे एकशे अठ्ठावीस ठिपके, उभे बत्तीस, सगळे नारिंगी. मशिन खेळत असताना त्या पडद्यावर येणारं एकेक चित्र आधी टिपून घ्यायचं, मग बसून ठिपका ठिपका रंगवायचं. पुढे मशिनमध्ये रंगीत पडदा आणि एक चिप बसवायची. मशिन बिचारं आपलं जुनंच चित्र पाठवत राहतं. चिप ते ओळखते आणि त्याच्या जागी माझं रंगीत चित्र दाखवते. चित्र ओळखता आलं नाही, तर जसंच्या तसं नारिंगी दिसतं. असली हजारो चित्रं एका मशिनमध्ये असतात. लोकांना ऐकूनच घेरी येते. मला मात्र माहेरी गेल्यासारखं वाटतं, कारण माझे वडील इचलकरंजीला साड्यांच्या काठांचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत मोर, कुयरी, वेल. मला अक्षरं यायच्या आधी घरं भरता यायला लागली होती. वडिलांचा एकच नियम होता. “एक घर चुकलं तर तिथवर उसव. ते झाकायला दुसरं चुकवलंस, तर सगळा काठ चुकत जातो.” हा नियम मी कागदावर कधी मोडला नाही.

काकांनी दुकानातल्या शेगडीवर चहा केला आणि रंग कशाला हवेत ते सांगितलं.

कांचन त्यांची एकुलती एक. मशिन आलं तेव्हा बारा वर्षांची होती. पावसाळ्यात पाचगणीत पाहुणा म्हणून फिरकत नाही, पण दमटपणाने मशिन बिघडू नये म्हणून रोज तासभर चालवावं लागतं. ते काम कांचनकडे आलं आणि तिला नाद लागला. काकूंना तो अजिबात आवडत नसे. पोरीच्या जातीला हे कसले खेळ, म्हणून घरात रोज वाजायचं. कांचन म्हणायची, आये, एकदा येऊन बघ तरी. काकू म्हणायच्या, माझा पाय लागणार न्हाई त्या दुकानात.

“आणि खरंच लागला नाही,” काका म्हणाले. “एकेचाळीस कोटी झाले त्या दिवशी पोरगी पळत घरी गेली. ही तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही हिनं.”

“मग?”

“मग साताऱ्याला कॉलेजात गेली. तिथं ताप आला, साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातनं फोन आला. आम्ही निघालो, तर घाटात ट्रक आडवा पडलेला. पोचलो तेव्हा चादर ओढलेली होती.” त्यांनी कप खाली ठेवला. “तीन वर्षं झाली. आता ही म्हणते, मला तिचं नाव बघायचंय. पण हिला इंग्रजी येत नाही. आणि पाचही ओळी सारख्याच दिसतात. नाव वाचायच्या आत निघूनबी जातं. मी काय म्हणतो, तिची ओळ वेगळ्या रंगाची असली, तर मला बोट दाखवायला नको. हिची हिलाच सापडेल.”

मी हो म्हटलं. एरवी गुणांची यादी मी अशी रंगवत नाही, कारण आकडे बदलत राहतात आणि बदलले की चित्र ओळखू येत नाही. तसं काकांना सांगितलंही. ते हसले. “कोण मोडणार ते? कोल्हापूरची, मुंबईची पोरं येऊन हात टेकून गेली.”

मशिनवरची सगळी चित्रं टिपून घेतली आणि पुण्याला जाऊन मी कामाला लागले. ऑक्टोपस हिरवा केला, खजिना पिवळा, पाणी सात तऱ्हांचं निळं. कांचनच्या ओळीपाशी अडले आणि काकांना फोन केला. त्यांनी तो काकूंच्या हातात दिला.

“काकू, कुठला रंग घालू? तिच्या आवडीचा?”

“मला काय कळतंय त्यातलं.” मग म्हणाल्या, “तुतीचा घाल. तुती खाऊन तोंड रंगवून यायची आन म्हणायची, म्या खाल्ली न्हाई.”

तुतीचा रंग त्या पडद्यावर लागता लागत नाही. खरा तसा घातला तर काळ्यात बुडतो, उजळ केला तर गुलाबी होतो. एका ओळीसाठी मी चार रात्री जागले. शेवटी अक्षरांच्या कडा उजळ ठेवल्या आणि पोट गडद, तेव्हा कुठे ती ओळ तुतीसारखी दिसायला लागली. इतकं समाधान मला कुठल्याच कामाने दिलं नव्हतं, आणि ते डोक्यात गेलं होतं हेही खरं.

एप्रिलमध्ये पडदा बसवायला गेले. काकांनी सकाळी शटर उघडून दिलं. अंगावर धुतलेला सदरा होता. “तुमचं होईस्तोवर मी हिला घेऊन येतो,” म्हणाले. “कालपासनं दोनदा नाही म्हणालीय. आता लुगडं नेसून बसलीय.”

मी मशिन बंद केलं, वायर काढली आणि वरची पेटी उघडली. जुना पडदा काढायला हात घातला तर आत तीन पेन्सिल सेल दिसले. त्यांना पांढरट हिरवा फुलोरा आला होता. सेल असे पाझरले की आतलं सगळं खाऊन टाकतात. ते तसेच ठेवणं म्हणजे मशिनचा जीव घेणं. कोणीही जाणता माणूस जे करेल ते मी केलं. सेल काढले, जागा घासून पुसली, नवे घातले. मग नवा पडदा बसवला, चिप जोडली आणि मशिन सुरू केलं.

ते नेहमीपेक्षा थोडं उशिरा जागं झालं. पडद्यावर एक वाक्य आलं. कारखान्यातून निघताना जसं होतं तसं आता सगळं झालं आहे, अशा अर्थाचं.

मला माहीत नव्हतं असं नाही. वाईट त्याचंच वाटतं. ते सेल कशासाठी असतात हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मशिन बंद असताना गुणांची यादी त्या सेलवर जगते. म्हणून ते बदलायचे तर मशिन चालू ठेवून बदलायचे. मला हे पाठ होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात मशिनची काळजी होती आणि माझा तो तुतीचा रंग होता. कांचन त्या सेलवर आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पाणबुड्या आला, ऑक्टोपस आला, सगळे रंगीत. मग पाच ओळी आल्या, नारिंगी. भलतीच अक्षरं, भलतेच आकडे. कारखान्यात मशिन बनवणाऱ्यांनी जागा भरायला घातलेली नावं. पहिला पाच कोटींवर, शेवटचा दोन कोटींवर. मी जुने सेल कचऱ्यातून काढून परत लावले. उपयोग नव्हता. मेलेल्या माणसाला पाणी पाजण्यातला प्रकार होता तो.

काका-काकूंचं घर दहा मिनिटांवर होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये पहिल्या दिवशी टिपलेली ती यादी रंगवून तयार होती. चिपला एवढंच शिकवायचं होतं की ही कारखान्यातली यादी दिसली, की तिच्या जागी ते चित्र दाखव. आतल्या नावांना कोणी विचारणार नव्हतं. वडिलांचा नियम मला आठवला, नाही असं नाही. पण बाहेर काकांचा आवाज ऐकू आला आणि मी बटण दाबलं.

काकू दारात थांबल्या. ठेंगणी, काटक बाई. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा आत आल्या. काका त्यांच्यामागे उभे राहिले, टोपी हातात. खजिन्याची पेटी उघडली, मिटली. आणि पाच ओळी आल्या. चार निळसर, वरची तुतीच्या रंगाची.

“ही व्हय?”

“हीच,” काका म्हणाले.

ओळ गेली. काकू तशाच उभ्या राहिल्या. ती परत आली तेव्हा त्यांनी पुढे होऊन काचेवर हात ठेवला. “आले बाय,” त्या म्हणाल्या. “आले बघ मी.”

मी वायरी गुंडाळायचं निमित्त करून खाली बसले. तेव्हा सांगायला हवं होतं. नंतर कितीतरी वेळा मी त्या क्षणापाशी परत गेले आहे आणि दर वेळी सांगितलं आहे. प्रत्यक्षात मी काकूंनी दिलेली जॅमची बरणी पिशवीत घातली आणि दुपारच्या एसटीने पुण्याला आले.

त्यानंतर काकू रोज चारला पार्लरमध्ये यायला लागल्या. जुलैत काकांचा फोन आला. आवाजात हसू होतं. “अवो ताई, ही खेळायला लागली की.”

“कोण? काकू?”

“म्हणते, तिला काय एवढं गोड लागायचं ते बघू तरी. पहिल्या दिवशी गोळी सरळ खाली. आता तीस लाख करते.”

मला हसू आलं, पण लगेच ती कारखान्यातली यादी आठवली. शेवटच्या नावाचे गुण दोन कोटी होते. काकूंनी ते ओलांडले, तर मशिन त्यांचं नाव मागणार. यादी बदलणार. आणि बदललेली यादी चिपला ओळखू येणार नव्हती. मी दर आठवड्याला फोन करायला लागले. काकू किती झाले? सत्तर लाख. काकू किती झाले? एक कोटी दहा लाख. काकांना वाटायचं, ताईंना किती माया आहे. मी मात्र एखाद्याच्या तापाचा आकडा विचारावा तसं विचारत होते. प्रत्येक फोनच्या आधी ठरवायचे की आज सांगायचं, आणि काकू म्हणायच्या, “काल हिरवा राकुस दोनदा मारला म्या,” की मी शाबासकी देऊन फोन ठेवायचे.

सप्टेंबरच्या एका दुपारी काकांचा फोन आला. हसू नव्हतं.

“ताई, मशिनमधी काय बिघाड झालाय का? हिनं परवा दोन कोटी वीस लाख केले. दिवे लागले, भोंगा वाजला, मशिननं नाव मागितलं. मला वाटलं, चांगलं झालं. मी टाकलं, एस, डी, आर. सुमनचा एस. आणि मग यादी आली ती सगळी नारिंगी. खाली ही, वर कोण कुठली माणसं. कांचन नाहीच.”

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

“मशिनचं जाऊ द्या. ही दोन दिवस जेवली नाही. म्हणते, म्या खेळले म्हणून ती गेली. तिच्या जागेवर बसायला गेले, म्या पुसली पोरीला. रात्रंदिवस तेच. तुम्ही येऊन जरा सांगा हिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी मी धरली.

काकू पार्लरमध्ये मशिनशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मशिन बंद होतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वाटेत खूप वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

“काकू, तुम्ही नाही पुसलं. मी पुसलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सेल, वायर, कारखान्यातली नावं, लॅपटॉपमधलं चित्र. “तुम्ही खेळला त्याचा काही संबंध नाही. तुम्ही खेळायच्या कितीतरी आधीच ते गेलं होतं. मशिनमध्ये नव्हतंच ते. मी चिकटवलेलं चित्र होतं. तुम्ही दुखावाल म्हणून केलं. खरं तर मी घाबरले म्हणून केलं.”

काका शटरपाशी उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

काकू बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. “म्हंजी म्या लुगडं नेसून आले, त्या दिवशी?”

“त्याच्या आधी. थोडंच आधी.”

“किती?”

“अर्धा तास.”

त्यांनी हळूहळू मान हलवली. पुष्कळ दिवस अडलेला हिशेब लागावा तशी. “म्हंजी ह्याबी खेपेला म्या पोचले, तवा ती न्हवतीच.”

मला वाटलं होतं मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आले आहे. उतरवलंही असेल. पण त्यांच्यापाशी जी एक गोष्ट उरली होती, की एकदा तरी आपण वेळेवर पोचलो, ती मी त्या बदल्यात काढून घेतली होती. मला रडू आलं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि तेच योग्य होतं.

मग त्या म्हणाल्या, “ते चित्र हाय का तुझ्याजवळ?”

“आहे.”

“दाखव.”

मी मशिन सुरू केलं, लॅपटॉपची वायर पडद्याला जोडली आणि ते चित्र थेट पाठवलं. या वेळी ते चार सेकंदांत जाणार नव्हतं. ओळ पडद्यावर उभी राहिली. काकू उठून पुढे आल्या आणि पाहत राहिल्या. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. “हे कंचं?” “के.” “हे?” “डी. काकांच्या नावाचं.” “आन हे आपलं.” “हो, राजपुरे.”

“मी हे असंच ठेवू शकते, काकू,” मी म्हटलं. “कायमचं. कोणीही खेळलं तरी हलणार नाही.”

“असू दे की ग,” शटरकडून काका म्हणाले. “काय बिघडतंय? असू दे.”

“नगं,” काकू म्हणाल्या. “दवाखान्यात चादर ओढलेली व्हती. जाताना बगितली न्हाई म्या तिला. सगळे म्हणले गेली, म्हणून गेली.” त्यांनी काचेवर हात ठेवला, एप्रिलमध्ये ठेवला होता तसाच. “आता पूस. या वक्ताला म्या हितं हाय.”

मी पूर्ण चित्र एकदम काढायला गेले.

“अशी झटक्यात नगं. लावलीस तशी काढ.”

मग मी घर घर मागे आले. आधी खालच्या चार ओळी, मग एकेचाळीस कोटींचे शून्य, आठ, तीन, मग आकड्याची सुरुवात. एकेक ठिपका विझत होता. रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती, त्यांचा गलका आत येत होता. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले. काकूंची नजर एकदाही ढळली नाही. ‘आर’ गेला, ‘डी’ गेला. त्यांच्या बोटांवर पडलेला जांभळा उजेड कमी कमी होत गेला. ‘के’चा एक पाय उरला तेव्हा मी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, ऐकू यायचं नव्हतंच. मग त्यांनी मान हलवली.

मी शेवटचा ठिपका काढला. पडदा काळा झाला.

काकूंनी हात खाली घेतला. काचेवर त्यांचा पंजा उमटला होता, तो त्यांनी पदराने पुसला.

“चल,” त्या म्हणाल्या. “सकाळपासनं उपाशी असशील. भाकरी खाऊन जा.”